घरी बनवलेलं सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्याचं) मॉड्यूल घूं घूं करतंय? ग्राउंडच्या या चुका टाळा

बोर्ड सोल्डर करून झाला, पॅनल बसवलं, पॉवर दिली, एलईडी लागला, आणि स्पीकरमधून आपल्या ऑसिलेटरपेक्षा मोठ्यानं घूं... असं झालं की पहिला संशय आयसीवर जातो. माझाही जायचा. टीएल०७२ (ऑपअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी) काढ, दुसरी लाव, परत तेच रडगाणं. चांगल्या चार आयसी उगाच उपटल्यावर डोक्यात प्रकाश पडला की सर्किट बरोबर आहे, ग्राउंड गंडलंय.

आपण स्कीमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) ग्राउंडचं चिन्ह दहा ठिकाणी काढतो आणि धरून चालतो की ही दहाही ठिकाणं म्हणजे एकच, शून्य व्होल्ट. बोर्डावर मात्र तिथे तांबं असतं, तांब्याला रेझिस्टन्स असतो, आणि सगळा करंट त्यातूनच परत जातो. थोडक्यात ग्राउंड ही पण एक वायरच आहे. हे विसरलो की पुढचे सगळे घोळ सुरू.

बीप वाजला म्हणजे ग्राउंड ओके

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. मल्टीमीटरचा (जोडणी आहे का ते सांगणारा) बीप बऱ्याच मीटरमध्ये ३०-४० ओहमपर्यंत वाजतो, म्हणजे सडका सोल्डर जॉइंट असला तरी मीटर आनंदाने बीप करतो आणि आपण पुढे जातो. बीप फक्त तुटलेली वायर शोधायला ठीक आहे. खरं बघायचं तर पॉवर चालू ठेवून बघा. मीटर २०० मिलीव्होल्ट रेंजवर, काळा प्रोब पॉवर हेडरच्या (पॉवरची केबल लागते त्या पिनांच्या) ग्राउंड पिनवर, आणि लाल प्रोब एकेक करून लांबच्या ग्राउंडवर, जॅकची स्लीव्ह (ग्राउंडचा भाग), एलईडीचं ग्राउंड टोक, ऑपअँपच्या प्लस इनपुटला जिथे ग्राउंड दिलंय तिथे. एखाद-दोन मिलीव्होल्टच्या आत असेल तर बरं. कुठे अचानक ८-१० दिसले तर चोर तिथेच आहे.

आता कोणी म्हणेल ५ मिलीव्होल्टनी काय होतंय? ऑडिओत कदाचित काही नाही, पण व्हीसीओमध्ये, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे स्वर बदलणाऱ्या ऑसिलेटरमध्ये, होतं. एका ऑक्टेव्हला १ व्होल्ट, म्हणजे एका सेमीटोनला ८३.३ मिलीव्होल्ट, म्हणजे एका सेंटला (सेमीटोनच्या शंभराव्या भागाला) ०.८३ मिलीव्होल्ट. आता ०.२५ मिमी रुंद आणि १० सेंटीमीटर लांब ट्रॅक घ्या, नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्याचा, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.२ ओहम भरतो. त्यातून दोन-तीन एलईडींचा मिळून २० मिलीअँपिअर गेला की ४ मिलीव्होल्ट पडले, म्हणजे जवळजवळ ५ सेंट. आणि एलईडी लुकलुकणारे असतील तर पिचही त्यांच्या तालावर डोलणार!

माझ्या एका बोर्डावर एलएफओ (संथ लय देणारा ऑसिलेटर) आणि व्हीसीओ शेजारी शेजारी होते आणि स्वर हलकासा हेलकावे खात होता, मला आधी वाटलं ट्रान्झिस्टरची जोडी नीट मॅच नाही, मग वाटलं तापमान, दोन संध्याकाळी त्यात गेल्या, शेवटी वैतागून एलईडीचा एक पाय उचलला आणि हेलकावे एकदम गायब. एलईडीचं ग्राउंड वेगळ्या वायरने थेट पॉवर हेडरला नेलं, विषय संपला. तेव्हापासून माझा नियम असा, की एलईडी, मायक्रोकंट्रोलर, रिले अशी धटिंगण मंडळी वेगळ्या ग्राउंडवर, पिच सीव्ही (स्वर ठरवणारं व्होल्टेज) आणि ऑडिओ वेगळ्या, आणि दोघांची गाठ फक्त हेडरपाशी.

पॅचकेबल लावली की चालतं, काढली की वेडं होतं

हे लक्षण दिसलं की मला तर हसूच येतं, कारण निदान जवळपास ठरलेलं असतं. मॉड्यूलला स्वतःचं ग्राउंड मिळतच नाहीये, ते शेजारच्या मॉड्यूलकडून केबलच्या स्लीव्हमधून उसनं घेतंय. केबल काढा आणि बोर्डाच्या ग्राउंडपासून दोन्ही रेल (प्लस आणि मायनस १२ व्होल्टच्या पुरवठा-लाइन) मोजा. १२ आणि १२ च्या जागी एकीकडे ९ आणि दुसरीकडे १५ असं काहीतरी तिरपागडं येईल, बेरीज मात्र २४. माझ्या स्ट्रिपबोर्डवर ग्राउंडची एकच वायर होती आणि तिचाच ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जॉइंट), वरून बघायला अगदी चकचकीत.

ग्राउंडचे जॉइंटच जास्त का फसतात? कारण ती पिन मोठ्या तांब्याच्या पसाऱ्याला जोडलेली असते, तो पसारा सोल्डरिंग आयर्नची उष्णता ओढून घेतो, सोल्डर वितळून पिनला चिकटतो पण पॅडला नीट धरत नाही. म्हणून ग्राउंड पिनला दोन सेकंद जास्त द्या, आणि स्वतः पीसीबी डिझाइन करत असाल तर पॅडला थर्मल रिलीफ (पसाऱ्याशी फक्त बारीक पट्ट्यांनी जोड) ठेवा. कायकॅडमध्ये (पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) शेवटचा ट्रॅक हलवल्यावर बी दाबून कॉपर पोर (तांब्याचा पसारा) परत भरून घ्या, डीआरसी (डिझाइनची तपासणी) चालवा, नाहीतर पोरचं एखादं बेट कशालाच न जोडता तसंच राहतं, दिसायला हिरवंगार पण उपयोग शून्य.

ब्रेडबोर्डवाल्यांनो, लांब बोर्डांवर कडेची रेल कधीकधी मधोमध तुटलेली असते. तुटक रेघ दिसली की जंपर टाका.

व्हर्च्युअल ग्राउंडला खरं ग्राउंड समजणं

इन्व्हर्टिंग ऑपअँपच्या मायनस इनपुटवर मोजलं तर शून्य व्होल्ट दिसतं. म्हणून काही जण ती पिन सरळ ग्राउंडला जोडून टाकतात, "तसंही शून्यच आहे ना". अरे बाबा, ते शून्य ऑपअँप स्वतः फीडबॅकमधून (आउटपुटकडून परत आणलेल्या सिग्नलमधून) सांभाळतोय. तुम्ही तिथे वायर टाकली की फीडबॅक मेला आणि आउटपुट कुठल्यातरी एका रेलला जाऊन चिकटला. ग्राउंड जातं प्लस इनपुटला.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे नॉईज कमी व्हावा म्हणून ग्राउंड लाइनमध्ये १० ओहम टाकणं. रेलमध्ये टाका, हरकत नाही, ग्राउंडमध्ये अजिबात नको, वरचा मिलीव्होल्टचा हिशोब आठवा.

पॅनल, जॅक आणि हेडर

पॅनलला बोट लावल्यावर हम (तो घूं आवाज) बदलतो का बघा. बदलला तर पॅनल तरंगतंय, म्हणजे ग्राउंडला जोडलेलंच नाही. ॲनोडाइज्ड किंवा रंगवलेल्या ॲल्युमिनियमवर वरचा थर करंट जाऊ देत नाही, नट कितीही आवळा. मागून थोडं घासा आणि दातेरी वॉशर घाला. जॅकच्या तीन पायांत स्लीव्ह कुठली हे चित्रावरून ठरवू नका, प्लग घालून मीटरने बघा, फुटप्रिंट (बोर्डावरची पायांची मांडणी) आरशात उलटा झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

युरोरॅकच्या (मॉड्यूलर सिंथच्या एका प्रचलित पद्धतीच्या) दहा पिनी हेडरमध्ये मधल्या सहा पिन ग्राउंड असतात, लाल पट्टी मायनस १२ कडे. केबल उलटी लागली तर ग्राउंड वाचतं, रेल अदलाबदल होतात. पण भिंत नसलेल्या हेडरवर एक ओळ सरकली तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडवर. बॉक्स हेडरच वापरा.

मॉड्यूल एकटं शांत आहे आणि लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला जोडल्यावरच घूं येतंय? मग बोर्ड उघडूच नका, तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेलीत. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, हम गेला तर मॉड्यूल आणि इंटरफेसच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका, ती जीव वाचवायला आहे. आणि ऑसिलोस्कोपवर ५० किंवा ६० हर्ट्झ दिसलं की घाबरण्याआधी प्रोबची क्रोकोडाइल क्लिप लागली आहे का ते बघा, मी एकदा अर्धा तास प्रोबचाच हम शोधत बसलो होतो.