कंपनीतून निघालेला बिझनेस लॅपटॉप: घेण्याआधी तपासायचा कसा?

भाडेकरार किंवा वॉरंटी संपली की मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप लॉटनं काढून टाकतात. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तापकीर गल्लीत, दिल्लीत नेहरू प्लेसला ते पुसूनपासून, नवी बॅग जोडून विकायला येतात. दिवसभर टॅली, एक्सेल, ईमेल, जीएसटीचा पोर्टल आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढंच ज्याचं काम आहे, त्यानं स्वस्तातला नवा घरगुती लॅपटॉप घेण्यापेक्षा त्याच पैशात असा बिझनेस लॅपटॉप घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. याच्या बिजागऱ्या दणकट असतात, कीबोर्डवर तासन् तास टाइप करता येतं, आणि काही बिघडलं तर मागचे स्क्रू काढून सुटा भाग बदलता येतो.

पण दुकानदार सांगतो ती ‘ए ग्रेड’ फक्त वरच्या रंगरूपाची असते, ओरखडे किती एवढंच तिच्यातून कळतं. मशीन आतून काय अवस्थेत आहे याची नोंद ते स्वतःच ठेवत असतं. ती वाचायला निवांत वेळ लागतो. तेवढा वेळ द्यायला जो दुकानदार तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

पायरी १: आधी आपला दिवस डोळ्यांसमोर आणा

घरून निघतानाच ठरवा की लॅपटॉप रोज फिरणार आहे की टेबलावरच राहणार आहे. फिरणार असेल तर १४ इंचाच्या पुढं जाऊ नका. कर सल्लागार किंवा हिशेबनीस असाल तर डिजिटल स्वाक्षरीचं टोकन लागतं आणि ते बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं. त्यात माउस आणि पेन ड्राइव्ह धरा. म्हणजे चौकोनी यूएसबीची किमान दोन भोकं हवीत. काही अतिपातळ मॉडेलांत ती नसतातच. ऑफिसात वायरचं इंटरनेट असेल तर त्याचं पोर्टही बघून घ्या.

पायरी २: मॉडेलच्या नावावर थांबू नका, प्रोसेसर वाचा

‘आय ५ आहे’ हे सांगणं अपुरं आहे. आय ५ च्या पुढचा आकडा महत्त्वाचा. इंटेलच्या ७२०० यू मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, ८२५० यू मधला ८ म्हणजे आठवी. या दोहोंत मोठा फरक आहे. सातव्या पिढीच्या या वर्गातल्या आय ५ ला दोन कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गाभे, होते, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीत ते चार झाले. दुसरं म्हणजे विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं काही अपवाद सोडता आठवी पिढी ही खालची हद्द ठरवली आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे आणि पक्षकारांचे व्यवहार ज्यावर करायचे, ते मशीन सुरक्षेचे अपडेट न मिळणारं घेऊ नये.

इथं एक फसगत होते. थिंकपॅड टी ४८० किंवा एलिटबुक ८४० जी ५ म्हटलं की आठवी पिढी असं सगळे गृहीत धरतात. ही मॉडेलं काही लॉटमध्ये सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकली गेली होती. म्हणून विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये पूर्ण नाव स्वतः वाचा. तिथंच मेमरीचं, म्हणजे रॅमचं, पानही बघा. ८ जीबी म्हणजे कसंबसं चालतं, १६ जीबी असेल तर ब्राउझरच्या वीस टॅब आणि टॅली एकत्र सुखानं चालतात. एकूण स्लॉट किती आणि वापरलेले किती, हेही तिथं कळतं. टी ४८० ला दोन स्लॉट आहेत, तर थिंकपॅडच्याच एक्स १ कार्बनची मेमरी बोर्डावरच डाखलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

पायरी ३: मशीन जुन्या मालकाच्या ताब्यातून सुटलंय का?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकी दोष पैसे टाकून दुरुस्त होतात, हा होत नाही.

लॅपटॉप बंद करायला सांगा आणि सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा. थिंकपॅडला एफ १, डेलला एफ २, एचपीला एफ १०. ‘शेठ, बायोस उघडतोय, पासवर्ड आहे का काही?’ असं सरळ विचारा. पासवर्ड मागितला आणि दुकानदार म्हणाला की ‘त्यानं काही फरक पडत नाही’, तर तिथंच थांबा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे.

बायोसच्या सुरक्षा विभागात ‘कॉम्प्युट्रेस’ किंवा ‘ॲब्सोल्यूट’ अशी ओळ दिसते. चोरीला गेलेलं मशीन शोधण्याची आणि लांबूनच बंद करण्याची ती सोय आहे. ती नुसती उपलब्ध असणं वेगळं आणि कार्यान्वित असणं वेगळं. कार्यान्वित दिसली, तर जुन्या कंपनीनं हे मशीन आपल्या यादीतून अजून सोडलेलं नाही.

तिसरं कुलूप बायोसमध्ये दिसत नाही. अनेक कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये, म्हणजे कंपनीची मशीनं लांबूनच सेट करण्याच्या सोयीत, नोंदवतात. ही नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे डिस्क बदलली किंवा विंडोज नव्यानं टाकलं तरी ती जात नाही. दुकानात इंटरनेट न जोडता विंडोज टाकलेलं असतं, म्हणून सगळं ठीक दिसतं. घरी कधी रीसेट केलं की पहिल्याच पडद्यावर अमुक कंपनीत आपलं स्वागत आहे असं येतं आणि त्या कंपनीचा ईमेल मागितला जातो. उपाय एकच: पैसे देण्याआधी विंडोज रीसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट जोडा. कंपनीचं नाव न येता नेहमीसारखं खातं मागितलं, म्हणजे मार्ग मोकळा. वेळ लागतो, तेवढ्यात चहा घेऊन या.

पायरी ४: बॅटरीचा जबाब घ्या

कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पॉवर’चं इंग्रजी स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा, मग एक मोकळी जागा, पुढं झुकणारी तिरकी रेघ आणि लगेच जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा इंग्रजी शब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठं ठेवली ते तिथंच दिसतं. ब्राउझरमध्ये उघडल्यावर दोन आकडे बघायचे: मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता. समजा मूळ ५०,००० मिलीवॉट-तास आहे आणि आजची ३१,०००, तर बॅटरी ६२ टक्के उरली आहे. ६० टक्क्यांच्या आत असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून मागा. टी ४८० सारख्या मॉडेलात आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असू शकतात, दोन्हींची ओळ वाचा.

दोन्ही आकडे अगदी तंतोतंत सारखे आणि चार्जिंगच्या फेऱ्या शून्य असतील तर खूश होण्याआधी थांबा. बॅटरी खरोखर नवी असेल, किंवा खोटी माहिती देणारी नकली असेल. चार्जर काढून, उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास व्हिडिओ चालू द्या. १२ टक्के उतरली तर साधारण चार तास चालेल असा हिशेब. ३० टक्के उतरली तर रिपोर्ट काहीही म्हणो, बॅटरी खराबच समजा.

पायरी ५: डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखे डिस्कचे चालू तास त्यात दिसतात. ऑफिसात रोज आठ तास, वर्षाचे २५० दिवस धरले तर तीन वर्षांत ६,००० तास होतात. तास मोजके चाळीस दिसले तर डिस्क बदलली आहे. वाईट नाही, पण बदललेली कोणत्या बनावटीची आहे ते बघा. आरोग्याचा टक्का ९० च्या आसपास असेल तर चिंता नको.

पायरी ६: स्क्रीन आणि कीबोर्ड, हातानं आणि डोळ्यांनी

१३६६ गुणिले ७६८ चा स्क्रीन रोजच्या कामाला नकोच, एक्सेलचे रकाने बाजूला सरकवण्यातच दिवस जातो. १९२० गुणिले १०८० घ्या. लॅपटॉप दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन पूर्ण पांढरं पान उघडा, म्हणजे दाबामुळं पडलेले पांढरट ठिपके आणि कडेची पिवळट झाक दिसते. काही एलिटबुकमध्ये शेजाऱ्याला वाचता येऊ नये म्हणून खास पडदा असतो. तो बंद असतानाही बाजूनं बघितलं की चित्र फिकट दिसतं. दोघांनी मिळून एकाच स्क्रीनवर आकडे ताडून बघायचे असतील तर हा प्रकार टाळा.

कीबोर्डची परीक्षा मराठीतच घ्या. नोटपॅडमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावा. डीच्या कळीवर हलन्त असतो, ती अडकत असेल तर एकही जोडाक्षर नीट उमटणार नाही. ळ हा एनबरोबर शिफ्ट दाबून येतो, म्हणून डावी शिफ्ट आणि उजवी शिफ्ट, दोन्ही वापरून काढून बघा. मग सगळ्या कळा एकेक करून दाबा. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये जर्मन कीबोर्डही निघतात. त्यात वाय आणि झेडची जागा उलटी असते आणि वरून स्टिकर लावलेले असतात. नख लावून एखादा स्टिकर उचकटून बघायला हरकत नाही.

पायरी ७: चार्जर, उष्णता आणि आवाज

चार्जर मूळ कंपनीचा मागा. डेलच्या गोल पिनेच्या चार्जरमधून लॅपटॉप त्याची ओळख वाचतो. ओळख पटली नाही तर सुरू होताना तसा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून राहू शकतो. लोक लॅपटॉपला दोष देतात आणि दोष चार्जरचा असतो. म्हणून चार्जर लावून टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. टाइप-सी वर चार्ज होणारा असेल तर वायर लावून हलकेच हलवा. चार्जिंगचं चिन्ह येत-जात असेल तर पोर्ट सैल आहे.

व्हिडिओ चालू असताना पंख्याला कान लावा. घरघर म्हणजे साफसफाई किंवा नवा पंखा, दोन्ही स्वस्तात होतात. कॅमेऱ्यावर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ऐका, माइकचा दोष असाच कळतो. डेलमध्ये एफ १२ दाबून आणि एचपीमध्ये एफ २ दाबून कंपनीची स्वतःची तपासणीही चालवता येते.

पायरी ८: पक्कं बिल

बिलावर मशीनचा सिरीयल नंबर हवाच. तो खालच्या स्टिकरवरचा आणि बायोसमधला एकच आहे ना, ते ताडा. हाच नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकला की लॅपटॉप मूळचा साधारण कधीचा ते कळतं, कधी थोडी वॉरंटीही उरलेली निघते. विंडोज सक्रिय आहे का ते सेटिंगमध्ये बघा. बिझनेस लॅपटॉपला बहुतेक वेळा मूळ परवाना बायोसमध्येच असतो, त्यामुळे ‘आम्ही ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. वॉरंटी किती महिन्यांची आणि तिच्यात बॅटरी धरली आहे की नाही, हे तोंडी नको, बिलावर लिहून घ्या. शक्य असेल तर सात दिवसांत बदलून देण्याची अटही घाला, आणि त्या सात दिवसांत तुमचं खरं काम त्यावर करा: एखादं विवरणपत्र भरा, स्वाक्षरीचं टोकन लावा, एक तासाची मीटिंग करा, प्रिंट काढा.