विदर्भात घर बांधताय? मग एसीचं नंतर बघा, आधी छत आणि पश्चिमेची भिंत

नागपूर, वर्धा, अकोला, चंद्रपूर ह्या पट्ट्यात घर बांधायला काढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हॉलला दीड टनचा एसी पुरेल का दोन टनचा घ्यावा लागेल. अहो अजून प्लॉटवर चुन्याने आखणी पण झालेली नसते! मे महिन्यात बाहेर ४५-४६ असताना घरात बसवेल की नाही हे बरंचसं नकाशावरच ठरून जातं, आणि नकाशावर खिडकी इकडची तिकडे केली तर खर्च शून्य, स्लॅब पडल्यावर तेच करायला गेलात तर तोडफोड, मलबा, परत प्लॅस्टर, आणि मिस्त्रीची नाराजी वेगळी.

तर आधी ऊन कुठून येतं ते बघा. आपल्याकडे दक्षिणेची फार भीती, दक्षिणमुखी प्लॉट म्हटलं की लोक मागे सरतात (म्हणून तो स्वस्त पण मिळतो). पण उन्हाळ्यापुरतं बोलायचं तर दक्षिणेची भिंत सगळ्यात गरीब. आपण कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहोत, त्यामुळे मे च्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी चक्क थोडा उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन नावाला. सगळा मारा होतो तो छतावर, आणि संध्याकाळच्या बाजूने पश्चिमेच्या भिंतीवर. पूर्वेला पण तेवढंच ऊन लागतं पण ते सकाळचं, तेव्हा हवा थंड असते म्हणून फार जाणवत नाही.

दक्षिणेच्या खिडकीला साधा दीड फुटाचा छज्जा दिला तरी काम होतं. मार्चच्या २१ तारखेला भर दुपारी तो छज्जा जवळजवळ चार फूट खालपर्यंत सावली देतो, म्हणजे चार फुटी खिडकी पूर्ण झाकली. डिसेंबरमध्ये सूर्य खाली येतो तेव्हा त्याच छज्ज्याची सावली दीड फुटावर येते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन आत येतं, जे नागपूरच्या थंडीत हवंच असतं. एवढा स्वस्त सौदा दुसऱ्या कुठल्या दिशेला मिळत नाही. पश्चिमेला हाच छज्जा काही कामाचा नाही कारण चार-पाच वाजताचं ऊन आडवं येतं, छज्ज्याच्या खालून सरळ आत घुसतं. तिथे उभी आड लागते, म्हणजे जाळीची भिंत, बांबूची चिक, मधुमालतीचा वेल, नाहीतर सरळ कडुनिंब. किंवा तिकडे मोठी खिडकीच ठेवू नका. हल्ली रोडच्या बाजूला फ्रेंच विंडोची फॅशन आहे आणि रोड पश्चिमेला असला की पाच फुटी काच पश्चिमेलाच येते, मग तिच्यावर दिवसभर जाड पडदा ओढून घरात लाईट लावून बसायचं, कशाला?

आता नैऋत्येच्या मास्टर बेडरूमचं बोलू. वास्तूप्रमाणे ती तिथे हवी आणि घरचे ऐकत नाहीत, ठीक आहे, भांडू नका. पण ही खोली म्हणजे दक्षिण-पश्चिमेचा कोपरा, आणि नऊ इंची विटेची भिंत बाहेरची उष्णता आतल्या बाजूला पोचवायला सहा-आठ तास घेते. म्हणजे दुपारी चारला जे ऊन भिंतीने खाल्लं ते रात्री दहा-अकराला, तुम्ही गादीवर पाठ टेकता तेव्हा, आत यायला लागतं. खात्री करायची असेल तर उन्हाळ्यात कुणाच्याही घरी रात्री जेवणानंतर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा आणि मग उत्तरेच्या भिंतीला लावा, फरक सांगायची गरज पडणार नाही. उपाय असा की खोली नैऋत्येलाच ठेवा पण तिची पश्चिमेची बाजू वॉर्डरोबने आणि अटॅच संडास-बाथरूमने भरून टाका. दोन फूट खोल कपाट, त्यात कपडे आणि रजया ठासलेल्या, ही बऱ्यापैकी चांगली आड आहे आणि कपाट तर तुम्ही करणारच होतात. जिना, स्टोअर, देवघराच्या मागचा बोळ, गाडीचं शेड, ज्या जागेत कुणी तासन्‌तास बसत नाही ते सगळं पश्चिमेला ढकलायचं, आणि बसायच्या-झोपायच्या खोल्या जमेल तितक्या उत्तर-पूर्वेला.

छतावर मात्र पैसे खर्च करा, इथे कंजूषी नको. पाच इंची आरसीसी स्लॅब उष्णता अडवत नाही, उघड्यावर असलेला स्लॅब मे च्या दुपारी साठ डिग्रीच्या आसपास तापतो आणि रात्रभर वरून खाली तीच उष्णता फेकत राहतो, पंखा लावला की पंखा पण तीच गरम हवा अंगावर टाकतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली, तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी ह्याची मर्यादा दिली आहे, यू-व्हॅल्यू (म्हणजे उष्णता आत सोडण्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) १.२ पेक्षा जास्त नको. नुसत्या स्लॅबची ती ३ च्या वर जाते. म्हणजे वर काहीतरी घातल्याशिवाय भागतच नाही.

काय घालायचं ते बजेटवर आहे. सगळ्यात स्वस्त म्हणजे पांढरा रंग, अगदी चुना घातला तरी चालतो, चुन्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे म्हणजे लगेच निघून जात नाही. पावसाळ्यात तो धुपतोच, म्हणून दरवर्षी होळीच्या आसपास परत मारायचा. बाजारात कूल रूफ पेंट मिळतात, ते जास्त टिकतात, पण धूळ बसली की पांढरं ते पांढरं राहत नाही हे दोन्हीला लागू, त्यामुळे मार्चमध्ये एकदा छत घासून धुवा. त्याच्या वरची पायरी म्हणजे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून त्यावर पांढऱ्या टाईल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक. वॉटरप्रूफिंग आणि उन्हाचा बंदोबस्त एकाच कामात होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तुकडे पांढरेच घ्या, मिस्त्री शिल्लक राहिलेले चॉकलेटी, हिरवे मिसळून डिझाईन करून देतो म्हणेल, नको म्हणा. आणि हात सैल असेल तर कोब्याच्या खाली दोन इंचाचं एक्सपीएस शीट किंवा पफ (दोन्ही उष्णता अडवणारे फोम) टाका, इन्सुलेशनचं खरं काम ते करतं, यू-व्हॅल्यू १.२ च्या खाली आणायची तर तेच लागतं. ढाळ नीट काढून घ्या, पाणी साचलं तर सगळं वाया.

पीओपीच्या फॉल्स सीलिंगने घर थंड राहतं असं इंटिरियरवाला सांगतो. थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापायचा तो तापतोच, खोलीची उंची मात्र एक फूट जाते आणि पंखा डोक्याजवळ येतो. ऊन स्लॅबच्या वर अडवायचं, खाली नाही.

भाड्याचं घर असेल किंवा जुनं घर असेल तर छतावर ग्रीन नेट बांधा. पण ती छताला चिकटवून नाही, सहा-सात फूट उंच, खालून हवा खेळली पाहिजे. वळवाच्या वादळात उडते म्हणून दोऱ्या पक्क्या बांधा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काढून ठेवा. तीच गोष्ट पाण्याच्या टाकीची. काळी टाकी उघड्यावर ठेवली की एप्रिलमध्ये दुपारी नळाखाली हात धरवत नाही. पांढरी टाकी घ्या आणि तिच्यावर शेड करा.

भिंतींबद्दल. चंद्रपूर, कोराडीच्या थर्मल वीज केंद्रांमुळे आपल्याकडे फ्लायअॅश (कोळशाच्या राखेच्या) विटा सहज मिळतात, मजबूत असतात, पण ऊन अडवण्यात त्या लाल विटेपेक्षा काही खास नाहीत. एएसी ब्लॉक, ज्याला बरेच मिस्त्री सरसकट सिपोरेक्स म्हणतात, तो खरंच फरक पाडतो, त्याच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि आठ इंची ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत सोडते. सगळं घर ब्लॉकमध्ये करायला जमत नसेल तर निदान पश्चिमेची भिंत आणि वरचा मजला करा. त्याचे दोष पण सांगतो: खिळा ठोकला की भुसा होतो, टीव्ही, गिझर, किचनचे शेल्फ लावायला वेगळे फास्टनर लागतात, आणि जिथे ब्लॉक कॉलम-बीमला मिळतो तिथे प्लॅस्टरच्या आधी जाळी मारून घेतली नाही तर तडा जातो. काळ्या मातीत पाया थोडा जरी हलला तरी हे तडे जास्त दिसतात, तेव्हा पायासाठी आधी इंजिनियरला विचारा, मग ब्लॉकचं ठरवा.

खिडकीत बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. चार बाय चारची स्लायडिंग खिडकी कधीच चार बाय चार उघडत नाही, कितीही सरकवली तरी अर्धी बंदच राहते. म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे, हवा अर्धीची. जुनी दोन पल्ल्यांची, कब्ज्यावर उघडणारी खिडकी पूर्ण उघडते, आता ती यूपीव्हीसीमध्ये (कडक प्लास्टिकमध्ये) पण मिळते, जाळी आतून लावता येते. सगळीकडे नको पण झोपायच्या खोल्यांना तीच घ्या. आणि समोरासमोरच्या भिंतीत हवा जायला वाट हवी, नुसती एका बाजूला मोठी खिडकी असून वारा येत नाही कारण त्याला बाहेर पडायला जागाच नसते. खोलीला एकच बाहेरची भिंत असेल तर दाराच्या वर जुन्या घरात असायचे तसे झरोके ठेवा. जिना वर जिथे गच्चीवर निघतो त्या खोलीला उंचावर दोन व्हेंटिलेटर द्या, गरम हवा जिन्यातून वर चढते आणि तिथून निघून जाते, ह्याला वीज लागत नाही.

एवढं करून घर वापरायची पद्धत पण आहे. आपली आजी उन्हाळ्यात सकाळी नऊला खिडक्या लावून घ्यायची आणि दिवे लागणीनंतर उघडायची, ते बरोबरच होतं. बाहेर ४५ असताना खिडकी उघडी ठेवून हवा घेणं म्हणजे लू घरात बोलावणं. रात्री पहाटे बाहेर थंड होतं तेव्हा सगळं उघडायचं. हे कोकणात, मुंबईत चालत नाही हां, तिथे घाम वाळवायला दिवसभर वारा हवा, तिथलं उतरतं छत आणि मोठ्या पडव्या त्यासाठीच आहेत, आणि कूलरचा तर तिथे काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडे मात्र कूलर राजा आहे, एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी की चांगला डेझर्ट कूलर दोनशे वॅटमध्ये जे करतो त्यासाठी दीड टनच्या एसीला दीड हजार वॅटच्या आसपास लागतात. पण कूलरची सोय कुणी नकाशात करत नाही, मग मागाहून खिडकीत ग्रिल कापून, लोखंडी स्टँड ठोकून, वायर लोंबकळत. आधीच करा: उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत, दोन-अडीच फुटी खिडकी नुसती कूलरसाठी, खाली ओटा, बाजूला पंधरा अँपियरचा पॉइंट, पाण्याचा नळ आणि पाणी काढायला छोटी नाली. थंडीत बंद करायला पक्का पल्ला. आणि कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, ती ओली हवा निघाली नाही तर खोली चिकचिक होते आणि लोक म्हणतात कूलर खराब आहे. पावसाळा लागला की त्याचा खेळ संपतो, जून शेवटापासून सप्टेंबरपर्यंतच्या दमटात एसीच लागतो, म्हणून एसी एका बेडरूमला घ्या, सगळीकडे नाही. इन्व्हर्टर, पाच स्टार, २४-२६ वर ठेवून सोबत पंखा हळू. बीईई म्हणतं की एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात टांगू नका.

पंख्यांचं कुणी मनावर घेत नाही. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास धरले तर महिन्याला ऐंशी युनिट वाचतात, आणि महावितरणचं बिल १०० आणि ३०० युनिटला वरच्या दरात उडी मारतं त्यामुळे ते ऐंशी युनिट सगळ्यात महागडेच असतात.

सोलर शेवटी, कारण घर आधीच नीट असेल तर लहान सिस्टिम पुरते. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं आणि शंभर चौरस फुटाच्या आसपास जागा खातं. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० सबसिडी आहे. पॅनल उंच स्ट्रक्चरवर घ्या, खाली सावली पडते ती बेडरूमच्या छतावर पडेल अशी जागा निवडा, म्हणजे वीज पण आणि छत पण. टाकी, जिन्याची खोली आणि शेजारच्याचं वाढणारं झाड ह्यांची सावली पॅनलवर येणार नाही हे डिसेंबरच्या उन्हाने बघा, तेव्हा सावल्या लांब असतात. आज सोलर घ्यायचं नसलं तरी प्लॅस्टरच्या आधी गच्चीपासून मीटरपर्यंत भिंतीत दीड इंची रिकामा पाईप आणि अर्थिंगची सोय टाकून ठेवा, इलेक्ट्रिशियन आपणहून टाकत नाही, त्याला सांगावं लागतं.