लाईन गेली तरी फॉर्म भरला गेला पाहिजे: दोन फायरवॉलची जोडी बसवताना

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळते. परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की खेड्यांवरची पोरंपोरी सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने परत जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर त्या फेरीसाठी घरातली एक मजुरी बुडते. अशा पोराला ‘नेट नाही, उद्या ये’ म्हणणं मला जमत नाही.

जूनच्या पहिल्या पावसात वीज कडाडली आणि आमच्या एकुलत्या एक फायरवॉलचा, म्हणजे लॅब आणि इंटरनेट यांच्या मधल्या राखणदार यंत्राचा, पॉवर सप्लाय गेला. शिपाईकाका धावत आले, “मॅडम, लाईन आली, पण नेट नाही येऊन राहिलं.” नवीन यंत्र यायला चार दिवस लागले. त्यानंतर आम्ही दोन यंत्रं घेतली आणि दोन्हींवर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलं. ती जोडी कशी बसवली ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. भार वाटला जातो तो दोन नेट-जोडण्यांवर (आमच्याकडे एक फायबर आणि एक टॉवरवरची वायरलेस), दोन फायरवॉलवर नाही. पीएफसेन्सच्या जोडीत एका वेळी एकच फायरवॉल काम करते, दुसरी तयार उभी असते. यंत्र बंद पडलं तर ‘कार्प’, म्हणजे दोन यंत्रांत एक सामाईक पत्ता ठेवणारी व्यवस्था, सांभाळतं; नेटची जोडणी बंद पडली तर ‘गेटवे ग्रुप’, म्हणजे बाहेर जायच्या वाटांचा गट, सांभाळतो. दोन्ही एकाच दिवशी सुरू करू नका. आधी जोडी जमवा, भारवाटप नंतर.

यंत्रं शक्यतो एकाच मॉडेलची घ्या. चालू जोडण्यांची नोंद एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा तिच्यासोबत नेटवर्क कार्डाचं नावही जातं. एकीकडे नाव वेगळं असलं तर नोंद पोचूनही उपयोगी पडत नाही. दोन्हींवर पोर्टांचा क्रम आणि पीएफसेन्सची आवृत्ती अगदी सारखी ठेवा.

पत्त्यांचा हिशेब असा. लॅनवर, म्हणजे लॅबच्या आतल्या नेटवर्कवर, पहिलीचा पत्ता १०.१०.०.२, दुसरीचा १०.१०.०.३ आणि दोघींचा मिळून आभासी पत्ता १०.१०.०.१. लॅबमधल्या संगणकांना फक्त हा शेवटचा पत्ता ठाऊक असला पाहिजे. म्हणून डीएचसीपीत (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही ठिकाणी तोच द्या. बाहेरच्या बाजूलाही प्रत्येक जोडणीवर असेच तीन पत्ते लागतात. तालुक्याच्या गावात तीन स्थिर सार्वजनिक पत्ते मिळवणं सोपं नाही, मिळाले तर महाग पडतात. आम्ही नेटवाल्याच्या राउटरलाच खाजगी पत्ते वाटू दिले आणि त्यातले तीन डीएचसीपीच्या वाटपाबाहेर काढून स्वतःसाठी ठेवले. बाहेरून आत यायची सेवा तुम्ही चालवत नसाल तर हे बिनधास्त करा. राउटरच्या मागे दोन-तीन लॅन पोर्ट असतात, तिथून दोन्ही फायरवॉलना थेट वायर जाते आणि एक स्विच वाचतो.

आता सिंकची, म्हणजे दोघींची माहिती जुळती ठेवणारी, वायर. दोन्ही यंत्रांमध्ये एक स्वतंत्र पोर्ट फक्त एकमेकींशी बोलण्यासाठी ठेवा आणि सरळ वायर टाका, मध्ये स्विच नको. आम्ही तिला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, म्हणजे झाडलोट करताना कोणी उपटणार नाही. तिथले पत्ते १७२.१६.१.२ आणि १७२.१६.१.३. या पोर्टवर एकमेकींचं सगळं येऊ द्यायचा नियम दोन्हींवर लिहा. चालू जोडण्यांच्या नोंदी पाठवणाऱ्या पीएफसिंकच्या निरोपांना ओळखपाळख तपासण्याची सोय नसते, म्हणून ते लॅनवरून कधीच सोडू नका.

‘सिस्टम’मधल्या ‘हाय अव्हेलेबिलिटी’ या पानावर दोन वेगवेगळे भाग आहेत. वरचा भाग चालू जोडण्यांच्या नोंदींचा, म्हणजे पीएफसिंकचा. तो दोन्ही यंत्रांवर भरायचा. सिंकचा पोर्ट निवडा आणि समोरच्या यंत्राचा पत्ता द्या. खालचा भाग नियम आणि सेटिंग पाठवण्याचा. तो फक्त पहिलीवर भरायचा, दुसरीचा पत्ता आणि तिच्या अॅडमिनचा पासवर्ड टाकून. पहिल्या दिवशी मी उत्साहात दुसरीवरही तो भरला. दोघी एकमेकींना आपापली सेटिंग पाठवू लागल्या आणि मी लिहिलेले नियम पुसले जाऊ लागले. दुपार त्यातच गेली. दुसरीवरचा खालचा भाग कोराच राहू द्या. पोर्टांचे पत्ते मात्र सिंक होत नाहीत, ते प्रत्येक यंत्रावर हातानेच भरावे लागतात.

आभासी पत्ते ‘फायरवॉल’मधल्या ‘व्हर्च्युअल आयपी’त, प्रकार कार्प. प्रत्येकाला वेगळा व्हीएचआयडी, म्हणजे ओळख क्रमांक द्या, आमच्याकडे लॅनला १, फायबरला २, टॉवरच्या जोडणीला ३. नेटमास्क त्या पोर्टचाच असू द्या. पहिलीवर बेस (निरोपांमधलं अंतर, सेकंदांत) १ आणि स्क्यू (त्यात पडणारी बारीक भर) ० ठेवा. सिंक होताना दुसरीवर स्क्यू आपोआप १०० होतो, म्हणजे तिचा मान दुसरा. पहिलीचे ‘मी चालू आहे’ असे निरोप थांबले की दुसरी साधारण साडेतीन सेकंदांत ताबा घेते. एकाच पोर्टची वायर निघाली तरी सगळेच आभासी पत्ते मिळून दुसरीकडे जातात, आणि तसंच व्हायला हवं.

मग ‘आउटबाउंड नॅट’, म्हणजे बाहेर जाताना आतला पत्ता बदलून देणं. ते हायब्रिडवर ठेवा आणि लॅनमधून बाहेर जाणाऱ्या रहदारीला त्या-त्या जोडणीचा आभासी पत्ता लावा. हे राहिलं तर पहिली फायरवॉल पडल्यावर सगळ्या चालू जोडण्या तुटतात, पीएफसिंक असून नसल्यासारखं होतं. नियमात स्रोत म्हणून लॅनच लिहा, ‘एनी’ लिहू नका. नाहीतर तयार उभ्या असलेल्या फायरवॉलचं स्वतःचंच नेट बंद पडतं.

इथे थांबा आणि तपासा. एका संगणकावरून १०.१०.०.१ ला सतत पिंग लावा, दुसऱ्यावर मोठी फाइल उतरवायला घ्या आणि पहिलीचा प्लग ओढा. पिंग तीन-चार सेकंद अडखळून परत आलं आणि डाउनलोड तसंच पुढे चाललं, तर जोडी जमली. ‘स्टेटस’मधल्या कार्पच्या पानावर एक मास्टर आणि एक बॅकअप दिसलं पाहिजे. दोन्हीकडे मास्टर दिसलं तर सेटिंगशी झटापट करण्याआधी वायर बघा. आमच्याकडे दोन खोल्यांतल्या स्विचांना जोडणारी वायर उंदरांनी कुरतडली होती. दोघी फायरवॉल वेगवेगळ्या स्विचवर असल्यामुळे त्यांना एकमेकींचे निरोपच ऐकू येत नव्हते. आता दोघींची लॅनची वायर एकाच स्विचला आहे आणि तयार एक स्विच कपाटात आहे.

जोडी जमली की भारवाटप सोपं आहे. फायबर आणि टॉवरची वायरलेस जोडणी असे दोन गेटवे करा आणि प्रत्येकाला तपासणीसाठी वेगळा पत्ता द्या, उदाहरणार्थ एकाला १.१.१.१ आणि दुसऱ्याला ८.८.८.८. ग्रुपमध्ये दोन्हींना टियर १ दिलं की भार वाटला जातो. एक टियर १ आणि दुसरा टियर २ असेल तर दुसरा फक्त अडीअडचणीला. आमचं फायबर टॉवरच्या साधारण तिप्पट वेगाचं आहे, म्हणून वजन ३ आणि १. वाटप जोडणीनिहाय होतं, त्यामुळे एकच डाउनलोड दुप्पट वेगाने येणार नाही. पण तीस पोरं एकदम बसली की फरक दिसतो.

आणि फॉर्मची गोष्ट. पोरगी फॉर्म भरते, फी भरायच्या पानावर जाते आणि तिथे तिची पुढची जोडणी दुसऱ्या नेटवरून गेली तर साइट तिला परत लॉगिन करायला लावते. घरून मोजून आणलेले पैसे अडकले की काय, म्हणून तिचा चेहरा उतरतो. यावर उपाय आहे. विद्यापीठाच्या आणि बँकांच्या साइटची एक यादी, म्हणजे एलियस, बनवा. त्या यादीसाठी ‘फायबर आधी, टॉवर नंतर’ असा वेगळा ग्रुप लावणारा नियम भारवाटपाच्या नियमाच्या (लॅनच्या ज्या नियमात दोन्ही टियर १ वाला ग्रुप लावला आहे त्याच्या) वर ठेवा. नियम वरून खाली वाचले जातात. त्याच्याही वर कॉलेजच्या आतल्या रहदारीसाठी गेटवे न लिहिलेला नियम हवा, नाहीतर ऑफिसच्या प्रिंटरकडे जाणारं कामही नेटवर ढकललं जातं. फायरवॉलचा स्वतःचा मुख्य गेटवे म्हणूनही हाच ‘फायबर आधी’वाला ग्रुप निवडा, म्हणजे फायबर तुटलं तरी डीएनएस चालू राहतं.

वीज मात्र सेटिंगने सुटत नाही. दोन्ही यंत्रं एकाच इन्व्हर्टरवर असतील तर जोडीचा अर्धा फायदा गेला. आमची एक इन्व्हर्टरवर आहे आणि दुसरी वेगळ्या यूपीएसवर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत यंत्रं ठेवू नका. अर्थिंग पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

नवीन आवृत्ती टाकायची झाली तर आधी दुसरीवर टाका. ती नीट चालली की पहिलीला कार्पच्या पानावरून मेंटेनन्स मोडमध्ये न्या आणि मग तिची आवृत्ती बदला. फॉर्मची तारीख आठवड्यावर आली असेल तर यातलं काहीच करू नका. फक्त संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर एकदा प्लग ओढून बघा.