क्रॉस-कंपाइल करताना सिसरूट आधी बघा

इंटेलच्या लॅपटॉपवर ६४-बिट एआरएम बोर्डासाठी बिल्ड करायचं, म्हणजेच क्रॉस-कंपाइल करायचं, तर कंपायलर बदलला की झालं, असं वाटतं. खरी गडबड लिंकिंगला, म्हणजे कोडचे तुकडे आणि लायब्ररी जोडताना होते: सीमेक हे बिल्डचं साधन लॅपटॉपवरचीच लायब्ररी उचलतं आणि लिंकर अडून बसतो. म्हणून टूलचेन फाइलमध्ये (कोणता कंपायलर वापरायचा वगैरे सीमेकला सांगणारी फाइल) सिसरूटचा, म्हणजे बोर्डाच्या लायब्ररी आणि हेडर ठेवलेल्या फोल्डरचा, पत्ता द्या. लायब्ररी आणि हेडर फक्त तिथेच शोधायला सांगा. प्रोग्रॅम मात्र लॅपटॉपवरचेच राहू द्या, कारण कोड जनरेट करणारी साधनं बिल्डच्या वेळी इथेच चालायची असतात. पीकेजी-कॉन्फिगचा (लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं साधन) मार्गही सिसरूटकडे वळवा, हे हमखास राहून जातं. टूलचेन बदललीत तर जुनी बिल्ड डिरेक्टरी पुसूनच टाका, कॅशमध्ये आधीचा कंपायलर चिकटून राहतो. शेवटी तयार झालेल्या प्रोग्रॅमवर, म्हणजे बायनरीवर, 'फाइल' कमांड चालवा; 'एआरएम एआर्च६४' दिसलं, तरच बोर्डावर न्या.