लघुप्रबंधातलं दुसरं प्रकरण : साहित्याचा आढावा लिहिताना या चुका टाळा

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाचे लघुप्रबंध तपासायला आले की मी आधी दुसरं प्रकरण उघडते. विषय पोटात उतरलाय की नुसता मुखपृष्ठावर छापलाय, ते साहित्याच्या, म्हणजे विषयावर आधी झालेल्या अभ्यासांच्या, आढाव्यात लगेच कळतं. इतकी वर्षं त्याच त्या चुका बघून आता जीव उबगलाय, म्हणून हे एकदा लिहून काढते.

आकडा मूळ अहवालात न बघता उचलणं

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने ऊसतोड कुटुंबांतल्या बालविवाहांवर काम केलं. मुलगी कष्टाळू, आईवडील स्वतः कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे. तिच्या आढाव्यात एक वाक्य होतं : ‘कोविडच्या काळात महाराष्ट्रात २१.९ टक्के बालविवाह झाले.’ पुढे कंसात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५, २०१९-२१. एवढं मोठं नाव बघून मी निर्धास्त झाले आणि पान उलटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच वाक्य धरलं. “हे २१.९ टक्के कोणाचे?” ती म्हणाली, “मुलींचे, सर.” “कोणत्या वयाच्या? आणि त्यांची लग्नं कधी झाली?” ती माझ्याकडे बघायला लागली. मलाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या आकड्याचा माग काढत बसलो. तिने तो दोन वर्षं आधीच्या एका लघुप्रबंधातून घेतला होता, त्या मुलाने वर्तमानपत्राच्या कात्रणातून. मूळ अहवाल दोघांपैकी कोणीही उघडला नव्हता, आणि सही करणाऱ्या मीही नाही. राज्याचं तथ्यपत्रक संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते उघडल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. सर्वेक्षणाच्या वेळी ज्या स्त्रिया २० ते २४ वर्षांच्या होत्या, त्यांच्यापैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम झालं जून ते डिसेंबर २०१९ मध्ये. म्हणजे करोना राज्यात यायच्या आधी. आणि त्या वेळी वीस वर्षांची असलेली मुलगी अठराची झाली २०१७ च्या सुमारास, तेव्हा यातली अगदी अलीकडची लग्नंही त्याआधीची. टाळेबंदीत बालविवाह वाढलेही असतील, पण हा आकडा त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आधीच्या सर्वेक्षणात, म्हणजे २०१५-१६ मध्ये, हाच आकडा २६.३ होता. राज्याचं प्रमाण खाली येतंय, मग माझ्या तालुक्यातल्या तांड्यांवर आणि वस्त्यांवर काय दिसतंय, असा खणखणीत प्रश्न तिला विचारता आला असता. तो हातातून गेला.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक टक्केवारीशेजारी तीन नोंदी असतात : कोणापैकी, कधी विचारलं, कोणतं पान. तिन्ही नसतील तर आकडा आढाव्यात जात नाही. मूळ अहवाल खरंच हाती लागला नाही तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही.

यादीला आढावा म्हणणं

‘अमुक (२०१२) यांनी अभ्यास केला. नमुना १०० होता. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.’ मग पुढचा परिच्छेद, पुढचं नाव, पुन्हा नमुना, पुन्हा निष्कर्ष. असे पंचवीस परिच्छेद एकाखाली एक रचले की मुलांना वाटतं प्रकरण झालं. “मॅडम, किती संदर्भ लागतात?” हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. पंचवीस अभ्यास एकमेकांशी काय बोलतात ते सांगता येत नसेल, तर पंचवीस काय आणि पन्नास काय.

माझी पद्धत साधी आहे. अभ्यासकांची नावं बाजूला ठेवते आणि आधी वाद लिहून काढते. ऊसतोड कुटुंबांत मुलींची लग्नं लवकर का होतात? कोणी गरिबीकडे बोट दाखवतं. कोणी म्हणतं, वयात आलेली मुलगी सहा महिने गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवायची की फडावरच्या, म्हणजे तोडणीच्या शेतावरच्या, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) न्यायची, या काळजीपोटी लग्न उरकलं जातं. आणि कोणी मजुरीच्या रीतीकडे बघतं : कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, मग लग्न झालं की नवा कोयता उभा राहतो. आता या तीन म्हणण्यांखाली आपापले अभ्यास आणून बसवा. कोणता अभ्यास कुठे बसतो, कोणता दोन ठिकाणी बसतो, कोणता आधीच्याला खोडतो, हे लिहिलं की आढावा आपोआप उभा राहतो. त्यासाठी अभ्यास पूर्ण वाचलेला मात्र हवा. नुसता सारांश वाचून हे जमत नाही, आणि घाई करणाऱ्यांना नेमकं तेच नको असतं.

‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’

हे वाक्य दिसलं की मी विचारते, कुठे शोधलंत? ऊसतोड कामगारांबद्दलही मुलं हेच लिहितात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने गुजरातमधल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर तोडणीला येणाऱ्या मजुरांबद्दल ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त लिहिलं ते १९७८ साली, आणि ते मजूर गेले होते आपल्या खानदेशातून. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे शोधा. ‘ऊसतोड’, ‘ऊस तोडणी’, ‘हंगामी स्थलांतर’, ‘साखरशाळा’ असे शब्द बदलून बघा. ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ १९४० पासून निघतंय, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ ग्रंथालयात पडून असते. शासनाच्या समित्यांचे अहवालही वाचा. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. महिलांच्या आरोग्यावर लिहिताना तिचा अहवाल सोडून चालणार नाही.

जुना कायदा चालू समजून लिहिणं

अपंगत्वावरच्या आढाव्यात अजून १९९५ चा कायदा आणि सात प्रकार सापडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस आहेत. मानसिक आरोग्याचा १९८७ चा कायदा जाऊन २०१७ चा आला, बालन्यायाचा २००० चा जाऊन २०१५ चा. सासरच्या छळाबद्दलचं ४९८-अ कलम लिहिताना १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे हे ध्यानात ठेवा. जुने अभ्यास जुन्या कायद्याच्या काळातले असतात, ते तसंच सांगावं.

यंत्राने केलेलं भाषांतर तसंच चिकटवणं

‘सोशल वर्क प्रॅक्टिस’चं ‘समाजकार्याचा सराव’ आणि ‘केसवर्क’चं ‘केसचे काम’ झालेलं वाचून डोळे दुखतात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य हे शब्द पहिल्या वर्षापासून शिकवलेले असतात.

एआयने दिलेले संदर्भ

नाव, वर्ष, नियतकालिक, पानं, सगळं व्यवस्थित, आणि असा लेख कधी छापलेलाच नाही. जो लेख तुम्ही स्वतः उघडून बघितला नाही, तो संदर्भसूचीत घालू नका. हे मी खोटं साक्षांकन समजते आणि तसंच वागवते.

आढावा सगळ्यात शेवटी लिहिणं

क्षेत्रकाम उरकायचं, तक्ते करायचे आणि मग दुसरं प्रकरण ‘भरून काढायचं’, हा जवळचा रस्ता फार जणांना सोपा वाटतो. पण मुलाखत अनुसूचीतले प्रश्न आढाव्यातूनच येतात. एका मुलाने साठ कुटुंबांना भेटून लग्नाचं वय, शिक्षण, जमीन, सगळं विचारलं. उचल कोणाच्या नावावर घेतली, किती फिटली, हे विचारायचंच राहिलं. एप्रिलच्या शेवटी त्याने आढाव्यासाठी वाचायला घेतलं आणि पहिल्या दोन लेखांतच उचल समोर आली. पुन्हा फडावर जाऊन विचारतो म्हणाला. तोवर कारखान्यांचे पट्टे पडले होते, म्हणजे गाळप हंगाम संपला होता, कोप्या मोडल्या होत्या आणि साठही कुटुंबं आपापल्या गावी परतली होती.