सहमतीचा घटस्फोट: सहा महिने माफ करून घेताना या चुका टाळा

"आमचं दोघांचं ठरलंय, मग आणखी सहा महिने कशाला?" असं विचारत पक्षकार येतात. सहमतीचा अर्ज केल्यावर थांबायची, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधली ही मुदत माफ होऊ शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात तसं ठरवलंय. पण माफी हा हक्क नाही. ती न्यायाधीशांना पटवून मिळवावी लागते.

सगळ्यात वाईट चूक तारखेची. अर्ज करायला एक वर्षाचं वेगळं राहणं पुरतं. माफी हवी असेल तर अर्जाआधीच दीड वर्ष झालेलं असावं, अशी अपेक्षा असते. एका जोडप्याने यासाठी चौदा महिन्यांचे वीस केले आणि मी त्यांच्या शब्दावर अर्ज लिहिला. समुपदेशकांनी एकेकाला आत घेतलं. नवरा म्हणाला, पाडव्याला गेली. बायको म्हणाली, गणपतीनंतर माहेरी आले. पोलिसांकडच्या जुन्या तक्रारीतही गणपतीच होते. माफीचा अर्ज फेटाळला गेला, आणि पुढे जजसाहेबांनी तडजोडीतली ओळ न् ओळ संशयाने तपासली. वाईट याचं वाटतं, की खरे चौदा महिने लिहूनही मागणी करता आली असती. अमरदीपमधल्या अटी उदाहरणादाखल आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०२१ मध्ये सांगितलंय. तेव्हापासून मी दोघांना वेगवेगळं बसवून तारीख विचारते, मगच मसुदा हातात घेते.

कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटींत, 'मुलाचं नंतर बघू' चालत नाही. ताबा, भेटीचे वार, पोटगी, स्त्रीधन, फ्लॅटचं कर्ज, सगळं लिहा. पैसे हप्त्याने द्यायचे असतील तर कोणता हप्ता कधी, तेही. २०२५ मध्ये एका क्रिकेटपटूच्या प्रकरणात निम्मीच रक्कम दिली म्हणून वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाने माफी नाकारली. उच्च न्यायालयात ती मिळाली, कारण उरलेला हप्ता घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर द्यायचा, असं तडजोडीतच होतं.

माफीचा अर्ज घटस्फोटाच्या अर्जासोबत पहिल्याच दिवशी जोडू नका, आठवडा जाऊ द्या. कुटुंब न्यायालयात राज्यघटनेचं कलम १४२ काढू नका, पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. बायकोच्या छळाचा, जुन्या ४९८-अ चा (जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हाही इथे रद्द होत नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं.

आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. पुढच्या लग्नाची तारीख काढून येणाऱ्यांना मी आधी हॉल रद्द करून यायला सांगते.