अजब बंगल्यात घरच्यांना न्यायचं असेल तर

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हटलं तर आमच्या गावात कोणाला कळत नाही. ‘अजब बंगला’ म्हणा, म्हातारीकोतारीही मान डोलावतात. १८६३ साली सुरू झालेला हा बंगला सिव्हिल लाइन्समध्ये आहे. सोमवारी बंद असतो. सोयाबीन निघून हरभरा पेरला, की जा. मे महिन्यात नागपुरात कोणाला नेऊ नका बाप्पा.

पोळ्या अन् वांग्याची भाजी बांधून घ्या आणि आत शिरायच्या आधीच खाऊन टाका. भुकेलं पोट्टं मूर्तीकडे पाहत नाही.

पोरं आधी पेंढा भरलेल्या जनावरांकडे पळतील, पळू द्या. धुऱ्यावर वाघाचे पंजे उमटलेले पाहिलेल्या पोरांना काचेतला वाघ फार वेळ धरून ठेवत नाही. मग गुंगेरिया गावात सापडलेल्या जुन्या तांब्याच्या कुऱ्हाडी शोधा. १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यात गुरं चारणाऱ्या पोरांना मातीतून धातूचा तुकडा वर आलेला दिसला. उकरलं तर तांब्याची ४२४ हत्यारं अन् चांदीचे १०२ पत्रे निघाले! त्यातलं काही लंडनला गेलं, काही नागपुरात राहिलं. तिथं पाटी वाचून दाखवू नका. एवढंच विचारा, ‘याला दांडा कसा बसवत असतील?’ कारण आपल्या कुऱ्हाडीला असतं तसं भोक यांना नाहीच. आमचे मामाजी एरवी दोन शब्द बोलत नाहीत. पण लाकूड कसं चिरायचं, वादी कशी आवळायची, हे ते हातवारे करून सांगत सुटले. दुसऱ्या घरची पोरंही येऊन उभी राहिली.

ताम्रपटांपाशीही मोठ्या माणसांनाच पुढं करा. दीड हजार वर्षांपूर्वी विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांनी कोणतं गाव कोणाला दान दिलं, त्याची ही तांब्यावरची नोंद. काहींत शेजारच्या गावांच्या सीमाही दिलेल्या असतात. ‘म्हंजे सातबाराच न हा!’ मामाजी म्हणाले. अगदी तसा नाही, पण पोरांना तेवढ्यानं समजतं. वाकाटकांच्या अक्षरांच्या डोक्यावर बारकी चौकोनी पेटी असते. ती वहीत काढायला लावा, तोवर सासूबाईंना टेकू द्या.

चित्रं, तलवारी चालता चालता पाहा. सगळी दालनं उरकायचा हट्ट धरणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला बाटल्या भरायला पाठवा. पाय शाबूत असतील तर इंग्रजांनी अंतरं मोजायला उभारलेला शून्य मैलाचा खांब जवळच आहे. नाहीतर सरळ स्टेशनचा ऑटो करा.